न गळणारं झाकण

देवराव गिरडकरांचं लोणचं गळालं ही बातमी भिलाईच्या सेक्टर दहामध्ये देवरावांच्याही आधी पोचली होती, असं शेजारच्या अंजनाबाईंचं म्हणणं. देवराव ते मानत नाहीत. त्यांच्या मते बातमी पोस्टमननेच आणली, मंगळवारी, अंतर्देशीय पत्रातून. ते पत्र त्यांनी आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. तिन्ही वेळा त्यात तेच होतं.

"ती. बाबांस, सा. न. लोणचं पोचलं. पण येताना गळालं. ज्यांच्यासोबत पाठवलं त्यांच्या सुटकेसमधल्या पांढऱ्या शर्टांना तेल लागलं. ते काही बोलले नाहीत, पण ह्यांना कसंतरी झालं. आता लोणचं पाठवत जाऊ नका. गळतं. इथे सगळं मिळतं. तब्येतीला जपा. तारा."

एखादा शहाणा माणूस यातल्या शेवटून दुसऱ्या वाक्याशी थांबला असता. देवराव त्याच्या आधीच्या वाक्याशी थांबले. गळतं.

यात त्यांची चूक किती आणि नोकरीची किती, हे ठरवणं कठीण आहे. पोलादाच्या प्लँटमधल्या स्टोअरमध्ये त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती, आणि त्यातली बरीचशी व्हॉल्व्ह, वाशर, गॅस्केट आणि फ्लँज यांच्या कपाटांमध्ये. म्हणजे जगातली जी जी भोकं बंद ठेवायची असतात, त्यांच्या बंद राहण्याची व्यवस्था. वाफ, पाणी, गॅस, सगळं देवरावांनी काढून दिलेल्या वाशरमागे मुकाट्याने उभं राहतं, आणि चार किलो कैरीचं तेल मात्र लेकीच्या बोकारोपर्यंत दम धरत नाही? हा अपमान होता. आणि अपमानाचं एक बरं असतं. त्याच्या मागे दुसरं काहीही लपवता येतं.

दुसरं काय होतं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी अंदाज करत बसायला नको.

दोन बरण्या होत्या. काचेच्या, रुंद तोंडाच्या, पत्र्याचं फिरकीचं झाकण असलेल्या. एक भिलाईत असली की दुसरी बोकारोत. बोकारोला कोणी निघालं की देवराव भरलेली बरणी द्यायचे, आणि तिकडून कोणी आलं की तारा दुसरी परत पाठवायची. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे तिच्या आईनं शिकवलेलं. म्हणून तारा बरणीत काहीतरी घालायची. कधी तिकडचे गोड तळलेले ठेकुए, कधी तीळ, एकदा नातीने, छोटीने, काढलेला हत्ती, जो देवरावांनी आठ दिवस कढई समजून भिंतीवर लावला होता. सोबत चार ओळी असायच्या. आई गेल्यापासून तारा भिलाईला आलेली नव्हती. देवराव बोकारोला गेले नव्हते, कारण कोणी बोलावल्याशिवाय लेकीच्या घरी कसं जायचं, आणि तारा बोलावत नव्हती, कारण बाबा काय, केव्हाही येतील. बरण्या मात्र जात-येत होत्या.

आता बरण्या थांबल्या की दिवाळीचं एक कार्ड राहील. छापील.

म्हणून झाकण.

*

पहिल्या दिवशी देवरावांनी दोष शोधला. बरणी भरली, झाकण आवळलं, आणि वर्तमानपत्रावर उलटी ठेवून समोर खुर्ची टाकून बसले. अंजनाबाई विरजण मागायला आल्या. त्यांचे यजमान दुर्गला रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे घरात बोलायला माणूस निम्मा आठवडा नसायचा आणि ते सगळं बोलणं देवरावांच्या ओसरीवर व्हायचं.

"काय करून राहिले भाऊ?"

"पाहून राहिलो."

"काय?"

"गळते का ते."

"मंग? गळून राहिलं?"

"अजून नाही."

अंजनाबाई उभ्या राहिल्या. त्यांनीही पाहिलं. मग पायरीवर टेकल्या. पाऊण तासाने वर्तमानपत्रावर, राज्याच्या अर्थसंकल्पावर, एक पिवळा ठिपका उमटला.

"गळलं बाप्पा!" अंजनाबाई ओरडल्या. देवरावांनाही आनंद झाला. कितीतरी दिवसांत त्या घरात दोन माणसांनी मिळून काही पाहिलं नव्हतं.

"अजी, फिरकीच्या झाकणाचा कुठं भरवसा धरता," त्या म्हणाल्या. "आमच्या काटोलले बरणीले फडकं बांधत. त्याच्यावर कणकेची पट्टी. वाळली का दगड. माह्या मामंजीनं तसं लोणचं बैलगाडीतून नेलं होतं, मोवाडपर्यंत."

"सांडलं नाही?"

"गाडी उलटली. मामंजीचा हात मोडला. लोणचं जिथल्या तिथं."

देवरावांनी कणीक भिजवली. पट्टी वळली, चिकटवली, दोन दिवस उन्हात वाळवली. तिसऱ्या दिवशी चाचणी. बरणी पिशवीत, पिशवी सायकलच्या कॅरियरला, आणि सेक्टर दहा ते सेक्टर दोन असा जाऊन-येऊन प्रवास, वाटेत मुद्दाम खड्डे गाठत. सेक्टर दोनमध्ये त्यांचं कोणी नव्हतं. तिथल्या चौकात त्यांनी सायकल वळवली, एका अनोळखी माणसाने "कुणाकडे आले?" असं विचारलं, आणि देवराव "कुणाकडे नाही, लोणचं फिरवून राहिलो" असं खरं सांगून परत निघाले. तो माणूस बराच वेळ पाहत होता.

घरी आल्यावर कळलं की कणकेला तडा गेला आहे, तेल पिशवीतून सायकलच्या सीटपर्यंत आलं आहे, आणि सायकलवर बसलेल्या माणसाची पँट मागून लोणच्याची आहे. म्हणजे परतीची सगळी वाट. म्हणजे तो माणूस त्यासाठी पाहत होता.

उरलेली कणीक मुंग्यांनी नेली. त्यांनी मात्र सांडलं नाही.

*

(इथे भैय्याजी येतात. ते या गोष्टीत न बोलावता आले, तसेच ते सगळीकडे येतात.)

भैय्याजी पलीकडच्या क्वार्टरमध्ये राहायचे. फोरमन होते, युनियनमध्येही होते, आणि त्या रांगेतला एकमेव टेलिफोन त्यांच्या घरी होता. त्यामुळे कोणाच्याही घरात काय चाललं आहे यावर आपलं मत देणं हे ते कर्तव्य समजत.

"देवरावजी, आप गलत लाइन में जा रहे हैं. सोडे की बोतल देखी है? उसमें गैस भरी रहती है, गैस! फिर भी बिल्ला नहीं उखड़ता. और आपका अचार तो गैस भी नहीं है. सीधा-सादा आदमी है."

"पर वो बिल्ला लगाने की मशीन..."

"अहिवारा में है. मेरा जान-पहचान वाला. मेरा नाम लेना."

देवराव रविवारी बसने अहिवाऱ्याला गेले. सोडावाल्याने भैय्याजींचं नाव ऐकून आधी दार निम्मं लावलं, मग देवरावांचा चेहरा पाहून उघडलं. मशीन होतं. लांब दांड्याचं. दांडा दाबला की दातेरी पत्र्याचं झाकण, म्हणजे बिल्ला, बाटलीच्या तोंडाला असा चावून बसायचा की देवरावांच्या तोंडून "वा" निघून गेलं. फक्त बिल्ला बाटलीच्या तोंडाचा होता आणि बरणीचं तोंड ताटलीएवढं.

"बोतल में भर लो ना दाऊ," सोडावाला म्हणाला.

आता इथे कोणीही मागे फिरलं असतं. देवरावांनी चार बाटल्या घेतल्या आणि घरी येऊन संध्याकाळभर विणकामाच्या सुईने एकेक फोड बाटलीत ढकलली. बायकोची सुई होती. सव्वीस फोडी गेल्या. मग त्यांना वाटलं, एक काढून पाहावी. बाटली उलटी केली. हलवली. सुई घातली. फोडी आत गोळा होऊन गळ्याशी उभ्या राहिल्या, सभेत दाराशी अडलेल्या माणसांसारख्या, आणि एकही बाहेर आली नाही. तेल तेवढं आलं.

भैय्याजींनी कुंपणावरून विचारलं, "लीक तो नहीं हुआ न?"

"लोणचं नाही," देवराव म्हणाले. "पण निघत नाही."

"तो दोनों चीज़ एक साथ थोड़ी मिलेगी!"

ती बाटली अजून त्यांच्या खिडकीत आहे. आत लोणचं मुरतंय. खाणारा कोणी पोचू शकत नाही.

*

ताराला लिहिलेलं पत्र. पाठवलं नाही.

"चि. तारा, अ. आ. तू लिहिलं की गळतं. तर त्यावर काम चालू आहे. कणीक निरुपयोगी. बिल्ला चांगला, पण तोंड लहान. माझ्या मते दोष झाकणात नसून झाकण आणि बरणी यांच्या मधल्या जागेत आहे. ती जागा दिसत नाही पण असते. तू कशी आहेस. छोटी आता काय काय बोलते. मराठी बोलते का. मेथी या खेपेला"

पुढे जागा संपली नव्हती. पण संपलं.

*

मधल्या जागेला काय लागतं हे देवरावांना सत्तावीस वर्षं ठाऊक होतं. गॅस्केट. रबराची गोल कडी, झाकणाच्या आत नेमकी बसणारी.

आता लक्षात घ्या, देवराव प्लँटचा एक वाशरही घरी नेणारे नव्हते. लोक काय काय नेत. देवराव नेत नसत आणि नेत नाही हे सांगतही नसत, म्हणून कोणाला ते आवडत नसे. रबर त्यांनी स्वतःच्या सायकलच्या फाटक्या ट्यूबचं घेतलं. प्रश्न फक्त ते गोल कापण्याचा होता, आणि गोल कापायचा पंच प्लँटच्या वर्कशॉपमध्ये होता. म्हणून एका सोमवारी सकाळी ते लोणच्याची भरलेली बरणी पिशवीत घालून, डब्याशेजारी, गेटमधून आत गेले. कोणी विचारलं नाही. आत जाताना कोणी विचारत नाही.

जेवणाच्या सुट्टीत फिटरने पंचाने कडी कापली, झाकणात बसवली, ते झाकण बरणीवर चढवलं आणि प्रेमापोटी पाइप-पान्याने अर्धा आटा आणखी आवळला. देवरावांनी बरणी उलटी धरली. हलवली. आपटल्यासारखं केलं. एक थेंब नाही.

"साहेब, आता ही ब्रह्मदेवाला पण उघडायची नाही," फिटर म्हणाला. देवरावांना ही स्तुती वाटली.

संध्याकाळी गेटवर जवानाने पिशवीत हात घातला.

"ये क्या है?"

"अचार."

"गेट पास?"

"मेरा है. सुबह लाया था."

"एंट्री?"

"अहो, खाने की चीज़ है..."

"खाने की चीज़ टिफिन में. ये टिफिन नहीं है. ये बरनी है. खोलो."

देवरावांनी उघडायचा प्रयत्न केला. जवानाने केला. मागे सुटलेल्या पाळीची रांग लागली होती, तिच्यातल्या एका पैलवानाने केला. झाकण हललं नाही.

"सील पैक है," जवान म्हणाला. त्याचा चेहरा कठोर झाला. "सील पैक माल बाहर नहीं जाएगा." आणि त्याने भिंतीवरचं परिपत्रक दाखवलं. "बाहेरून आणलेल्या वस्तूची आत येताना नोंद नसल्यास, 'मी सकाळी आणली होती' असे तोंडी सांगणे ग्राह्य धरले जाणार नाही. अशी वस्तू बेवारस समजून स्टोअरमध्ये जमा करावी."

भाषा सुरेख होती. पाच वर्षांपूर्वी मसुदा देवरावांनीच केला होता. 'तोंडी' हा शब्द साहेबांनी काढायला सांगितला होता, आणि त्यांनी भांडून ठेवला होता.

ते घरी गेले. हातात नुसती पिशवी.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बरणी त्यांच्याच टेबलावर आली, गळ्यात चिठ्ठी बांधून. बेवारस वस्तूंचं रजिस्टर देवरावांकडेच असायचं. त्यांनी पेन घेतलं. स्टोअरच्या पद्धतीप्रमाणे आधी नाम, मग विशेषणं.

बरणी, काचेची, रुंद तोंडाची, झाकणासह, भरलेली. नग: एक. स्थिती: चांगली. मालक:

इथे ते थांबले. समोरच्या टेबलावर शामराव होते, त्यांचे सेक्शन ऑफिसर, अमरावतीकडचे, मनाने वाईट नव्हते.

"लिहा ना गिरडकर. अज्ञात."

"पण माझी आहे साहेब."

"मले माहीत आहे तुमची आहे. सगळ्या सेक्शनले माहीत आहे. पण रजिस्टरले माहीत नाही ना. पुरावा आणा. लोणच्याची पावती आहे?"

"घरी केलेलं आहे."

"मंग लोणचं तुमचं कशावरून?"

देवरावांनी विचार केला. "मेथी जास्त आहे. माझ्या हातून नेहमी जास्त होते."

"बरं. उघडा, चाखून पाहू."

"उघडत नाही."

शामरावांनी चष्मा काढला. "गिरडकर, काहून करून राहिले हे? बाजारात लोणचं मिळते. तुमची पोरगी तिकडे विकत घेईल. मी सांगतो, फोडून टाका, भंगारात दाखवा, मोकळे व्हा."

देवरावांनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी लिहिलं: अज्ञात. अक्षर नेहमीसारखंच आलं, वळणदार. मग ते पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

ड्रॉइंग ऑफिसातला एक जण गुरुवारी बोकारोला निघणार होता. बेवारस वस्तू नव्वद दिवस ठेवायची होती. हाही नियम देवरावांचाच.

पण नियम ज्याने लिहिला त्याला त्यातल्या फटीही माहीत असतात. "नाशवंत वस्तूबाबत त्रिसदस्यीय समितीने तात्काळ निर्णय घ्यावा." देवरावांनी टिपण ठेवलं. शामरावांनी उसासा टाकून सही केली. बुधवारी दुपारी समिती बसली: शामराव, सुरक्षा विभागाचा एक माणूस आणि, वस्तू खाद्यपदार्थ म्हणून, कँटीनचा सुपरवायझर. समितीने बरणी पाहिली. उलटी केली. समितीतल्या प्रत्येकाने झाकण फिरवलं. कँटीनच्या सुपरवायझरने टॉवेल लावून फिरवलं आणि त्याचं मनगट लचकलं. अहवाल असा झाला:

"समितीने वस्तूची तपासणी केली. झाकण उघडू शकले नाही. त्यामुळे आतील पदार्थाची खात्री करता आली नाही. वीस मिनिटे उलटी ठेवूनही कोणत्याही प्रकारची गळती आढळली नाही. वस्तू कारखान्यास निरुपयोगी. श्री. गिरडकर नेऊ इच्छित असल्यास हरकत नाही."

देवरावांनी अहवाल दोनदा वाचला. तिसऱ्या वाक्याच्या पुढचं वाक्य तीनदा. मग त्यांनी त्याची सत्यप्रत करून घेतली, शिक्क्यासह, आणि गुरुवारी बरणीबरोबर बोकारोला पाठवली. वेगळं पत्र लिहिलं नाही. त्यांना वाटलं, तीन जणांच्या सहीनंतर आपण आणखी काय लिहायचं.

*

अकरा दिवस काही नाही.

बाराव्या दिवशी काही नाही.

अंजनाबाई म्हणाल्या, "पोचलं असन जी. पोस्टातच अडकलं असन उत्तर." देवराव "हो" म्हणाले. मग त्या म्हणाल्या, "अन् नसन आलं तर..." आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून विरजण घेऊन गेल्या. त्यांच्या घरी दही होतं, हे देवरावांना ठाऊक होतं.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास भैय्याजी कुंपणापलीकडून ओरडले. "देवरावजी! ट्रंक कॉल! बोकारो!"

त्या काळी ट्रंक कॉल कोणी गेल्याचाच यायचा. देवराव एका पायात चप्पल घालून धावले. भैय्याजींच्या बैठकीत रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला होता. त्यांनी तो उचलून कानाला लावला.

"बाबा? ऐकू येऊन राहिलं का?"

"काय झालं? कोण...?"

"काही नाही झालं बाबा. ते लोणचं. ते उघडूनच नाही राहिलं!"

देवराव खुर्चीवर बसले.

"गळलं तर नाही ना?"

"नाही बाबा. एक थेंब नाही. पण ह्यांनी करून पाहिलं, शेजारच्यांनी करून पाहिलं, काल ह्यांच्या वर्कशॉपमधून पाना आणला होता. मी लिहिलं होतं ना, पाठवू नका म्हणून."

"हो. गळतं म्हणून."

तिकडे नुसती खरखर. मग तारा म्हणाली, "हो. गळतं म्हणून."

"आता नाही गळत."

"नाही बाबा." मग जरा थांबून, "छोटीले पाहिजे आहे. हट्ट धरून बसली आहे. उद्या उघडू म्हटलं तर जेवून नाही राहिली. कसं उघडायचं सांगा ना."

देवराव ताठ बसले. सत्तावीस वर्षांत त्यांना इतका सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"पातेल्यात पाणी कडक तापव. बरणी उलटी धर, नुसतं झाकण बुडव. काचेला लावू नको, तडकेल. पत्रा गरम झाला की फुगतो. तेवढ्यात फिरवायचं. गरम आहे तोवरच. निवलं की पुन्हा आवळतं."

मधेच ऑपरेटर बोलली, "तीन मिनट हो गए. बढ़ाएँ?"

'हो' म्हणणं देवरावांच्या हातात नव्हतं. कॉल तिकडून होता.

"हाँ, बढ़ाइए," तारा म्हणाली. "बाबा, ठेवू नका हं. मी पाणी ठेवते."

रिसीव्हर तिकडे कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. देवराव ऐकत राहिले. नळ सुरू झाला. बंद झाला. स्टोव्हला कोणीतरी पंप मारत होतं. जावई काहीतरी म्हणाले, तारा हसली. दूर कुठेतरी कुकरची शिट्टी. एका घराचा सगळा आवाज होता, आणि त्यातलं कोणीही देवरावांशी बोलत नव्हतं, आणि देवरावांनी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला की कान दुखायला लागला. भैय्याजी समोर वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटत नव्हते.

मग अगदी जवळ कोणीतरी श्वास घेतला.

"आप कौन?"

देवरावांनी घसा साफ केला. "मी... मैं नाना. भिलाई से."

"अचारवाले नाना?"

"हाँ," देवराव म्हणाले. "अचारवाले."

"खुल नहीं रहा."

"खुलेगा, बेटा."

"आप आके खोल दो."

देवरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तेवढ्यात "दे इकडे, दे," असं म्हणत तारा आली. "बाबा, झालं. झाकण एकदम गरम झालं आहे, फडक्यानं धरलं आहे. फिरवू?"

ऑपरेटर पुन्हा म्हणाली, "छह मिनट. बढ़ाएँ?"

"बढ़ाइए. बाबा? फिरवू का आता?"

"नाही," देवराव म्हणाले. "थांब. घाई करू नको. जरा निवू दे."